नागपूर आणि शिकागो: घड्याळाचा फरक आणि दोन गावांचे दिवस

प्रश्न असा आहे. नागपूरजवळच्या मिहान या उद्योग क्षेत्रातल्या एका कंपनीत टीम सांभाळणाऱ्या ताईंना आता रोज शिकागोच्या टीमबरोबर काम करायचं आहे. कुणी त्यांना साडेदहा तासांचा फरक सांगतो, कुणी साडेअकरा. रोजची मीटिंग किती वाजता ठेवावी, तिकडची माणसं दिवस कसा घालवतात आणि जानेवारीत दोन आठवडे तिथं गेल्यावर काय सांभाळावं, हे त्यांना हवं आहे. त्यांचे वडील नागपूरच्या कळमना बाजारात सोयाबीनचे व्यापारी आहेत. मोबाइलवर दिसणारा शिकागोचा भाव आपल्या वेळेनुसार कधी उघडतो आणि कधी बंद होतो, हा त्यांचा प्रश्न. दोघांना एकत्रच उत्तर देतो, कारण पाया एकच आहे.

साडेदहा आणि साडेअकरा, दोन्ही आकडे बरोबर आहेत. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत शिकागो नागपूरच्या साडेदहा तास मागे असतं आणि उरलेल्या दिवसांत साडेअकरा तास. आपलं घड्याळ हलत नाही, त्यांचं हलतं: मार्च ते नोव्हेंबर ते एक तास पुढे असतं, ती त्यांची उन्हाळी वेळ, आणि उरलेले दिवस हिवाळी वेळ. पुढे उन्हाळा-हिवाळा म्हणेन तो याच अर्थाने. २०२६ मध्ये हे बदल ८ मार्चला आणि १ नोव्हेंबरला, २०२७ मध्ये १४ मार्चला आणि ७ नोव्हेंबरला. बदल तिथं रविवारी पहाटे दोनला होतो. तेव्हा नागपुरात रविवारचीच दुपार असते, मार्चमध्ये दीड आणि नोव्हेंबरमध्ये साडेबारा. म्हणजे शनिवारच्या रात्रीपर्यंत जुना फरक आणि सोमवारच्या कामाला नवा फरक, एवढं धरलं की पुरे.

तोंडी हिशेबासाठी तास मोजत बसू नका. उन्हाळी वेळ चालू असेल तर नागपूरच्या वेळेतली सकाळ-संध्याकाळ उलटी करा आणि दीड तास मिळवा. आपल्याकडे रात्रीचे आठ, तर तिथं सकाळचे आठ अधिक दीड, म्हणजे साडेनऊ. हिवाळी वेळ असेल तर उलटं करून फक्त अर्धा तास मिळवा: रात्रीचे आठ म्हणजे तिथं सकाळचे साडेआठ. शिकागोची वेळ नागपुरात आणताना हेच उलट, सकाळ-संध्याकाळ बदला आणि दीड किंवा अर्धा तास वजा करा. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. दोन-तीन दिवसांत हे अंगवळणी पडतं.

तासांपेक्षा तारखेत जास्त घोटाळा होतो. नागपुरात सकाळचे साडेदहा (हिवाळ्यात साडेअकरा) वाजेपर्यंत शिकागोत कालची तारीख असते. "मंगळवारी सकाळी पाठवतो" असं आपण लिहिलं आणि सकाळी दहाला पाठवलं, तर त्यांच्या पेटीत ते सोमवारी रात्री पडतं. उलट त्यांनी "शुक्रवार दिवसअखेर" म्हटलं तर ती आपली शनिवारची पहाट असते. म्हणून मुदत लिहिताना वार, तारीख, वेळ आणि गाव या चार गोष्टी लिहा. "शुक्रवार १३ तारीख, संध्याकाळी ५, शिकागो वेळ" असं लिहिलं की वाद उरत नाही.

इंग्रजी आद्याक्षरांवर मात्र विसंबू नका. सीएसटी म्हणजे शिकागोची हिवाळी वेळ, पण चीनच्या वेळेलाही तीच अक्षरं वापरतात. शिवाय शिकागोतली मंडळी बोलण्याच्या ओघात जुलैतही सीएसटी लिहून जातात, तेव्हा त्यांच्याकडे खरं तर सीडीटी, म्हणजे उन्हाळी वेळ, चालू असते. एका तासाची चूक इथूनच घुसते. आयएसटीचंही तसंच. भारत, आयर्लंड आणि इस्रायल तिघंही ती अक्षरं वापरतात. कॅलेंडरमध्ये वेळपट्टा निवडताना "उणे सहा तास" असला ठोकळ आकडा न निवडता गावाचं नाव निवडा: अमेरिका/शिकागो आणि एशिया/कोलकाता. गावाचं नाव निवडलं तर घड्याळबदलाच्या तारखा संगणक स्वतः सांभाळतो. ठोकळ आकडा निवडला तर मार्चमध्ये मीटिंग एक तास घसरते आणि निम्मी माणसं रिकाम्या खोलीत बसतात.

एक्सेलमध्ये वेळापत्रक करणाऱ्यांसाठी: नुसत्या वेळेतून साडेदहा तास वजा केले तर सकाळच्या वेळांना उत्तर शून्याखाली जातं आणि खान्यात नुसत्या #### अशा खुणा दिसतात. तारीख आणि वेळ एकाच खान्यात ठेवा आणि त्यातून ०.४३७५ वजा करा, हा साडेदहा तासांचा दिवसातला हिस्सा. हिवाळ्यासाठी ११.५ भागिले २४ असं लिहा. तारीख आपोआप मागे जाते.

आता हा अर्धा तास आला कुठून आणि फरक दोन प्रकारचे का, हे समजून घेतलं तर पाठांतराची गरज राहत नाही. नागपूर ७९.०९ अंश पूर्व रेखांशावर, शिकागो ८७.६३ अंश पश्चिम रेखांशावर. दोघांमध्ये जवळपास १६६.७ अंश. एका अंशाला चार मिनिटं, या हिशेबाने सूर्याच्या दृष्टीने दोन गावांमधला खरा फरक ११ तास ७ मिनिटांचा आहे. घड्याळं साडेदहा किंवा साडेअकरा सांगतात. खरा आकडा त्या दोघांच्या मध्ये पडतो.

याचं कारण दोन्ही गावं आपापल्या प्रमाणरेषेवर नाहीत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणारी. ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे, हा अर्धा तास तिथूनच येतो. १ जानेवारी १९०६ पासून ही वेळ लागू झाली. नागपूर त्या रेषेच्या पश्चिमेला सुमारे ३.४ अंशांवर आहे, त्यामुळे आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी पावणेचौदा मिनिटं मागे चालतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य अजून डोक्यावर आलेला नसतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो १२ वाजून २८ मिनिटांच्या सुमारास माथ्यावर येतो, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला ११ वाजून ५७ मिनिटांनाच. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली असल्याने वर्षभर ही पुढे-मागे सरक चालू असते.

शिकागोची प्रमाणरेषा ९० अंश पश्चिम. शहर तिच्या पूर्वेला आहे, म्हणून तिथला सूर्य प्रमाणवेळेच्या साडेनऊ मिनिटं पुढे. ही वेळ रेल्वेने आणली आणि त्याचा निर्णय शिकागोतच झाला. ऑक्टोबर १८८३ मध्ये अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांची परिषद तिथं भरली आणि १८ नोव्हेंबर १८८३, रविवार, या दिवशी गावोगावच्या वेळा मोडीत काढून चार मोठे पट्टे आले. शिकागोतली घड्याळं त्या दिवशी साडेनऊ मिनिटं थांबवून ठेवली होती. आपल्याकडे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपुरात पोचली. आज मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग इथं एकमेकांना छेदतात. देशाच्या पोटात बसलेलं, चारी दिशांच्या गाड्या आणि माल जिथून वळतो असं गाव, हे दोघांचं साम्य खरं आहे. समुद्र नाही, म्हणून थंडी-उन्हाला लगाम नाही, हेही. शिकागोला मिशिगन सरोवर आहे, पण ते काठाकाठानेच हवा बदलतं. वसंतात सरोवराकडून वारा आला की काठावरचं तापमान शहराच्या आतल्या भागापेक्षा बरंच खाली राहतं.

घड्याळ पुढे-मागे करण्याची गरज त्यांनाच का, याचं उत्तर अक्षांशात आहे. नागपूर २१ अंशांवर, शिकागो जवळजवळ ४२ वर. नागपुरात जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि सातला दोन-तीन मिनिटं असताना मावळतो, दिवस साधारण १३ तास २५ मिनिटांचा. २१ डिसेंबरला पावणेसात ते पाच सदतीस, म्हणजे १० तास ५० मिनिटं. वर्षभराचा झोका जेमतेम अडीच तासांचा. शिकागोत जूनमध्ये सूर्य सकाळी सव्वापाच ते रात्री साडेआठ असा सव्वापंधरा तास असतो, आणि डिसेंबरात सकाळी सव्वासातला उगवून दुपारी ४ वाजून २३ मिनिटांनी गेलेला असतो. झोका सहा तासांचा. जूनमध्ये घड्याळ पुढे केलं नाही तर तिथं सव्वाचारलाच सूर्य वर येईल आणि तो उजेड झोपेत वाया जाईल. आणि बारा महिने पुढेच ठेवलं तर डिसेंबरात सूर्योदय सव्वाआठला होईल, मुलं अंधारात शाळेला निघतील. अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये बारमाही उन्हाळी वेळ करून पाहिली होती. लोक वैतागले आणि त्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. नागपूरला यातलं काहीच लागू होत नाही, म्हणून आपलं घड्याळ स्थिर आहे तेच योग्य.

मीटिंगच्या वेळेकडे येऊ. आपलं ऑफिस दहा ते साडेसहा आणि त्यांचं आठ ते पाच धरलं, तर दोघांचा सामायिक वेळ शून्य आहे. त्यांचे सकाळचे आठ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. म्हणजे सामायिक वेळ सापडणार नाही, तो तयार करावा लागेल आणि कुणाला तरी संध्याकाळ द्यावी लागेल.

माझी शिफारस शिकागोच्या सकाळी साडेआठची आहे. नागपुरात ती उन्हाळ्यात संध्याकाळी सात आणि हिवाळ्यात रात्री आठ होते. मीटिंग तासभर चालली तरी सगळे नऊच्या आत मोकळे. यामागे कायद्याचंही कारण आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिला कर्मचाऱ्यांना काम द्यायचं तर त्यांची संमती लागते आणि सुरक्षितता, घरापर्यंतची वाहतूक यांची जबाबदारी मालकावर येते. मीटिंग साडेनऊच्या पुढे ढकलण्याआधी कॅबची व्यवस्था कागदावर आहे का ते पाहा. मिहान शहराबाहेर आहे. रात्री वर्धा रोडवरून महाल, सक्करदरा किंवा जरीपटक्याला जाणाऱ्या मुलीला "मेट्रो मिळेल ना" एवढं म्हणून भागत नाही. खापरीहून शेवटची गाडी कधी आहे ते पाहून मगच वेळ पक्की करा.

ही रोजची मीटिंग कॅलेंडरमध्ये टाकताना ती कोणत्या गावाच्या वेळेवर बांधली आहे, हे ठरवून घ्या. शिकागोच्या वेळेवर बांधली तर त्यांचे साडेआठ कायम राहतात आणि आपली वेळ सातची आठ होते. नागपूरच्या सातवर बांधली तर हिवाळ्यात त्यांना साडेसातला बसावं लागतं, जेव्हा अर्धी मंडळी मुलांना शाळेत सोडत असतात किंवा लोकलमध्ये असतात. मी शिकागोवर बांधायला सांगतो, पण एका अटीवर: घड्याळबदलाच्या आदल्या गुरुवारी आपल्या टीमला नव्या वेळेचा निरोप गेलाच पाहिजे. सोमवारी कळलं तर कुणाची तरी शिकवणी, कुणाचं घरचं जेवण, कुणाची कॅब, सगळं कोलमडतं. आणि सगळा भार एकाच बाजूला नको. पंधरा दिवसांतून एकदा तरी मीटिंग त्यांच्या रात्री आठला घ्या. आपल्याकडे ती दुसऱ्या दिवशीची सकाळ असते, उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. उन्हाळ्यात ती सातच्या आत पडते, म्हणून महिला सहकाऱ्यांची संमती घेऊन घरूनच घ्यावी लागेल, तरी चालेल. तिकडच्यांना ही गैरसोय एकदा स्वतःला जाणवली की मीटिंगा आपोआप आखूड होतात.

एवढ्या फरकात कामाचं खरं नुकसान अर्धवट प्रश्नामुळे होतं. संध्याकाळी सहाला "ही फाइल कोणती वापरायची?" असं विचारून घरी गेलात आणि त्यांनी "कोणत्या क्लायंटसाठी?" असं उलट विचारलं, तर पूर्ण दिवस गेला. म्हणून निघताना लिहायच्या टिपणात चार गोष्टी असाव्यात: काय झालं, काय अडलं, प्रश्न हो-नाहीत उत्तर देता येईल असा, आणि उत्तर आलं नाही तर उद्या सकाळी आम्ही काय धरून चालू. चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तीच सगळे विसरतात. आठवड्याचा प्रवाहही लक्षात घ्या. त्यांनी शुक्रवारी दुपारी पाठवलेलं काम आपण सोमवारी दिवसभरात केलं तर ते सोमवारी ऑफिसला येईपर्यंत बरंचसं तयार असतं, काहीच वाया जात नाही. पण सोमवारी दिवसभर आपल्या शंकांना उत्तर द्यायला तिकडे कुणी जागं नसतं. त्यामुळे सोमवारच्या कामाची सगळी माहिती शुक्रवारच्या मीटिंगमध्येच वसूल करून घ्या.

आता माणसांकडे. शिकागोचा दिवस लवकर सुरू होतो आणि लवकर आवरतो. दुपारचं जेवण बारा-साडेबाराला, तेही बऱ्याचदा टेबलावरच, आणि रात्रीचं सहा-सातला. उपनगरांत राहणारे मेट्रा या तिथल्या उपनगरी रेल्वेच्या गाड्यांनी ये-जा करतात. ती गाडी चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ थांबावं लागतं, म्हणून पाचच्या आसपास माणूस बोलता बोलता उठतो. त्यात राग किंवा निष्काळजीपणा नसतो, डोंबिवलीची फास्ट पकडणाऱ्याइतकीच ती निकड आहे. मीटिंग साडेआठची म्हणजे साडेआठची. "येऊनच राहिलो" म्हणत आठ मिनिटांनी येणं नागपुरात खपतं, तिथं त्या आठ मिनिटांत मुख्य मुद्दा होऊन गेलेला असतो. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं हवापाण्याच्या गप्पांत जातात. त्या टाळू नका, तिथं हवामान हा खरोखरचा विषय आहे. आणि मिडवेस्टची, म्हणजे शिकागोभोवतीच्या त्या भागातली, माणसं सहसा तोंडावर नकार देत नाहीत. "हे रंजक आहे, विचार करू" असं आलं तर ते बऱ्याचदा नकारच असतो. तेव्हा "म्हणजे या महिन्यात नको, असं धरू का?" असं सरळ विचारा. त्यांना सुटल्यासारखं वाटतं.

हिवाळ्यात त्यांच्या सबबी खऱ्या मानाव्यात. १ डिसेंबर ते १ एप्रिल या काळात शिकागोच्या बऱ्याच मुख्य रस्त्यांवर पहाटे तीन ते सात गाडी उभी करायला बंदी असते, बर्फ पडो न पडो. गाडी उचलून नेली तर माणसाची सकाळ तिच्या मागे जाते. बर्फ उपसून मोकळी केलेली पार्किंगची जागा राखण्यासाठी लोक तिथं जुन्या खुर्च्या मांडून ठेवतात आणि शेजारी ती मानतात. ३० जानेवारी २०१९ ला तिथं तापमान उणे ३०.६ अंश सेल्सियसपर्यंत गेलं होतं. अशा दिवशी शाळा बंद राहतात आणि आई-बाप घरून, मागे मुलांचा गोंधळ घेऊन, मीटिंगला बसतात.

नागपूरचं वेळापत्रक त्यांनाही समजावून सांगा, ते आपणहून विचारणार नाहीत. मेमध्ये इथं पंचेचाळीस अंश नेहमीचे, २३ मे २०१३ ला ४७.९ नोंदले गेले. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत बारा ते चार रस्ते ओस असतात, बाहेरची कामं सकाळी नाहीतर सूर्य कलल्यावर. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, मोर्चे आणि बंदोबस्तामुळे बर्डी, सिव्हिल लाइन्सकडून येणाऱ्यांना उशीर होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, महाल-इतवारीतून गाडी काढणं शक्य नसतं. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि आजूबाजूचे रस्ते वळवलेले असतात. या तारखा दर वर्षी सरकतात, म्हणून जूनमध्येच दोन्ही गावांची सुट्ट्यांची एकत्र यादी करून ठेवा. त्यांच्याकडून मेचा शेवटचा सोमवार, ४ जुलै, सप्टेंबरचा पहिला सोमवार, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आणि त्याला जोडून बहुतेक वेळा शुक्रवार, आणि नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा. या शेवटच्या आठवड्यात तिकडून काही सही-शिक्क्याचं येईल ही अपेक्षा ठेवू नका.

उन्हाबद्दल एक गोष्ट नागपूरकरांना खोटी वाटते. जुलै १९९५ मध्ये शिकागोत पारा ४१ अंशांपर्यंत गेला आणि त्या लाटेत ७०० हून अधिक माणसं दगावली. आपल्याकडे ४१ म्हणजे एप्रिलमधली साधी दुपार. पण तिथं हवा दमट होती, रात्रीही घरं निवली नाहीत, विटांच्या जुन्या इमारतींमध्ये कूलर-एसी नव्हते आणि एकटे राहणारे म्हातारे चोरीच्या भीतीने खिडक्या लावून बसले होते. आकड्यावरून दुसऱ्या गावाचा त्रास मोजायचा नसतो. जुलैत तिकडचा सहकारी ३५ अंशांना हैराण झाला म्हणाला तर त्याला आपला मे ऐकवू नका.

पत्ते वाचायलाही शिका, जानेवारीत कामी येईल. आपल्याकडे झिरो माइलचा खांब आहे, पण घराचा पत्ता अजूनही "शंकरनगर चौकातून डावीकडे, दवाखान्यासमोर" असाच सांगतो आपण. शिकागोत शून्य खरोखर वापरात आहे. स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते मिळतात तिथं शून्य, आणि १९०९ पासून घरांचे आकडे तिथून चारी दिशांना मोजले जातात. ८०० आकडे म्हणजे साधारण एक मैल. ३२०० नॉर्थ म्हणजे शून्यापासून चार मैल उत्तरेला. दिशेचं अक्षर चुकलं तर मात्र तुम्ही शहराच्या उलट्या टोकाला पोचता, म्हणून नॉर्थ-साउथ नीट पाहा. शिवाय शिकागोहून पूर्वेला गाडीने तास-दीड तासातच घड्याळ बदलतं. इंडियानाचा शिकागोला लागून असलेला कोपरा शिकागोच्या वेळेवर चालतो, पण साउथ बेंड, इंडियानापोलिस आणि सगळं डेट्रॉइटकडचं काम एक तास पुढे. तिकडे भेट ठरली तर कोणत्या गावाची वेळ, हे विचाराच.

बाबांच्या प्रश्नाकडे वळतो. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड हा तिथला धान्यबाजार १८४८ चा, आणि सोयाबीनचा जगभर पाहिला जाणारा वायदा तिथलाच. त्याची दोन सत्रं असतात, दोन्ही शिकागो वेळेनुसार: संध्याकाळी ७ ते सकाळी ७:४५, आणि सकाळी ८:३० ते दुपारी १:२०. नागपुरात उन्हाळ्यात हे पहाटे ५:३० ते संध्याकाळी ६:१५ आणि रात्री ७ ते ११:५०. हिवाळ्यात सगळं एक तास पुढे, म्हणजे शेवट रात्री १२:५० ला. आपल्या दृष्टीने हा बाजार सोमवारी पहाटे उघडतो आणि शुक्रवारी मध्यरात्रीच्या आगेमागे बंद होतो. खरी उलाढाल आपल्या रात्रीच्या सत्रात होते. दुपारी दोनला मोबाइलवर दिसणारी दहा-बारा सेंटची हालचाल पाहून कळमन्यात भाव बदलू नये, तेव्हा व्यवहार पातळ असतात. झोपण्याआधी एकदा आणि सकाळी सहाला एकदा पाहणं पुरतं.

दोन दिवस मात्र जागण्यासारखे. अमेरिकी कृषी खात्याचा महिन्याचा मागणी-पुरवठ्याचा अहवाल शिकागोत सकाळी ११ ला येतो, आपल्याकडे रात्री ९:३०, हिवाळ्यात १०:३०. त्यानंतरची पंधरा मिनिटं भाव उसळतो-आपटतो, त्यावर सौदा करू नका. दुसरं, हंगामात दर सोमवारी पिकाच्या स्थितीचा अहवाल तिथं दुपारी तीनला येतो, तोवर बाजार बंद झालेला असतो. त्याचा परिणाम आपल्याला मंगळवारी पहाटे साडेपाचला दिसतो.

भाव सेंट प्रति बुशेल असतो आणि सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे २७.२ किलो. रुपये क्विंटलला आणायचं तर सेंट गुणिले डॉलरचा दर गुणिले ०.०३६७४. समजा भाव १००० सेंट आणि डॉलर ९० रुपये, तर क्विंटलला सुमारे ३,३०७ रुपये. हा आकडा इथल्या भावाशी जुळणार नाही आणि जुळवूही नये. २०२५-२६ चा आपला हमीभावच ५,३२८ रुपये आहे. आपलं बी जनुकबदल नसलेलं, आपला भाव डीओसीच्या, म्हणजे तेल काढलेल्या पेंडीच्या, मागणीवर आणि खाद्यतेलाच्या आयात शुल्कावर चालतो. शिकागो दिशा सांगतं, पातळी सांगत नाही. तिथली पेरणी मे-जूनमध्ये, आपली पाऊस पडल्यावर जून-जुलैत, पण कापणी दोघांची सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास येते. म्हणून ऑगस्टमध्ये इलिनॉय-आयोवात पाऊस कसा आहे ते बघा. शेंगा तेव्हा भरतात आणि दिवाळीच्या आधीचा जागतिक भाव तिथंच ठरतो.

शेवटी जानेवारीचा प्रवास. साडेअकरा तासांचा फरक म्हणजे शरीरासाठी दिवस-रात्र उलटी. शरीर रोज साधारण एक ते दीड तास सरकतं, म्हणजे पूर्ण जुळायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर तुमचं शरीर नागपुरातच असतं. शिकागोत सकाळचे आठ म्हणजे त्याला संध्याकाळचे साडेसात वाटतात, तेव्हा तुम्ही तरतरीत असाल. दुपारचे तीन ते पाच म्हणजे नागपूरची अडीच ते साडेचारची गाढ रात्र. पहिल्या आठवड्यातल्या महत्त्वाच्या बैठका बारा वाजायच्या आत घ्या आणि दुपारनंतर गाडी चालवू नका. पहिल्या दिवशी दुपारी बारा ते साडेचार उजेडात राहा, जमल्यास बाहेर फिरा, आणि साडेचारनंतर दिवे मंद ठेवा. पुढे रोज ही सीमा तासभर पुढे न्या. जानेवारीत सूर्यही साडेचार-पाचलाच मावळतो, त्यामुळे सुरुवातीला हे आपोआप जमतं. साखर, रक्तदाब किंवा थायरॉइडच्या गोळ्या असतील तर वेळा कशा सरकवायच्या हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या, इन्सुलिन असेल तर नक्कीच. आणि परतल्यावर हाच खेळ उलटा होतो: नागपुरात दुपारी तीन-साडेतीन ही तुमच्या शरीराची सगळ्यात जड वेळ असेल. शनिवारी सकाळी पोचाल असं तिकीट काढा, आणि सोमवार-मंगळवारी दुपारी मिहानहून स्वतः गाडी चालवत येऊ नका.